आज पोरं किती?

मासळीची पाटी डोक्यावरून उतरवण्याआधी आमच्या कोळीण मावशी एक प्रश्न विचारायच्या. "आज पोरं किती हायत घरात?" आपण सांगायचं, दोन किंवा तीन. मग त्या उंबऱ्यातूनच मान वळवत, हवेत बोट नाचवत तेवढी पोरं मोजायच्या. संख्या जुळली की पाटी खाली यायची. तोवर पापलेटाचा भाव विचारलात तर उत्तर मिळत नसे.

आमची चौदा बंगल्यांची वसाहत पालघरहून सातपाटीला जाणाऱ्या रस्त्याच्या आत, पूर्वीच्या एका वाडीत आहे. पहिल्या घराने पोहण्याचा तलाव बांधला आणि पाच वर्षांत सहा घरांत तलाव झाले. सहावा आमचा. लांबी बावीस फूट, खोली साडेचार. तुम्हीही अशा वसाहतीत राहत असाल तर तुम्हाला ठाऊक असेल, शेजाऱ्याकडे निळं पाणी दिसलं की आपलं अंगण कोरडं वाटू लागतं.

मावशींना हे तलाव मुळीच पसंत नव्हते. "समुद्र चार मैलांवर हाय, तरी घरात पानी कशाला आनलात?" असं त्या सहाही घरांत एकदा तरी म्हणाल्या होत्या. कुणाच्या कुंपणाला खुर्ची टेकलेली दिसली की विचारायच्या, "ही शिडी कोनी लावली?" आणि मालकाला ती हलवायला लावायच्या. भरलेली बादली दिसली की न विचारता झाडाला ओतायच्या. आमच्या शेजाऱ्यांचं गाडी धुण्याचं साबणाचं पाणी त्यांनी असंच एकदा मोगऱ्याला घातलं. शेजारी चिडले. मावशी म्हणाल्या, "मोगरा परत लावता येतो."

मी बोईसरच्या एका कारखान्यात तपासणी विभागात काम करतो. आयुष्य मापं घेण्यात गेलं. त्यामुळे तलाव असलेल्या घरांसाठी वसाहतीने नियम करायचे ठरवले तेव्हा मसुदा माझ्याकडे आला. मी सात कलमं लिहिली. कुंपण किमान पाच फूट. उभ्या दोन गजांमध्ये चार इंचांहून कमी फट. आडवा गज नको, कारण त्यावर पाय ठेवून मूल चढतं. फाटक आपोआप मिटणारं, कडी साडेचार फुटांवर. सभेत सगळं एकमताने मंजूर झालं. माझं कुंपण सर्वांत आधी उभं राहिलं आणि मी ते टेप लावून मावशींना दाखवलं.

त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाल्या, "आनि नजर? ती किती फुटांवर?"

"मावशी, ते काय नियमात लिहायचं असतं?"

"बरं," त्या म्हणाल्या आणि बोंबील मोजू लागल्या. मासळी मोजून घेण्याच्या माझ्या सवयीची त्यांना भारी गंमत वाटे. "आमचे भाऊ कोलंबीची पन हजेरी घेतात," असं त्या बायकोला सांगायच्या.

त्यानंतरच्या मे महिन्यातला एक रविवार. घरी पाहुणे, एकूण मोठी माणसं अकरा, मुलं पाच. त्यांत माझी नात, वय दोन वर्षं आठ महिने. जेवणाची मांडामांड तलावाकाठी चालली होती. ताटं घेऊन जाता-येता फाटक दर वेळी अंगावर मिटत होतं, म्हणून कुणीतरी त्याला पाण्याचा जार लावून ठेवला. कुणीतरी कशाला म्हणू? मीच लावला. सात कलमं लिहिणाऱ्याने.

तेवढ्यात मावशी सांगितलेली सुरमई घेऊन आल्या. "आज पोरं किती?"

"पाच," मी म्हणालो.

त्यांचं बोट हवेत फिरलं. "चार."

पाटी तिथेच पडली. मला कळायच्या आत मावशी नऊवारीसकट पाण्यात होत्या. नात पाण्याखाली होती. आम्ही अकरा जण पंधरा फुटांच्या आत उभे होतो आणि कुणालाही काही ऐकू आलं नव्हतं. मावशींनी तिला वर काढलं, पालथं धरलं, पाठीवर थापट्या दिल्या. ती खोकली. मग रडली. असं सुरेल रडणं मी दुसरं ऐकलेलं नाही. पालघरच्या डॉक्टरांनी संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं आणि काही धोका नाही म्हणून घरी पाठवलं.

दुसऱ्या दिवशी मी सातपाटीला त्यांच्या घरी पाकीट घेऊन गेलो. त्यांनी ते पाहिलं. "पोर काय भावानं लावलात, भाऊ?" मी पाकीट खिशात घातलं. मग त्यांनी जे सुनावलं ते मी घरी येऊन जसंच्या तसं लिहून ठेवलं.

"बुडनारं पोर आरडत नाय. शिनेमात आरडतं. तुमी अकरा मानसं होता ना? म्हनून झालं. एक असता तर त्यानं बघितलं असतं. अकरांना वाटलं, दुसरा बघतोय."

"मग करायचं काय?"

"आमी बोंबील टांगायला जातो तवा धा बायांची वीस पोरं किनाऱ्यावर असतात. एक बाय नुसती बसते. बोंबलाला हात लावत नाय, गप्पा हाकत नाय. पोरं बघते. तिची बसायची पाळी सपली की दुसरीचं नाव घेऊन सांगते, आता तू. दुसरी 'हो' बोलल्याबिगर ही उटत नाय. आनि वाटा तिला सगळ्यांसारका."

आठवं कलम असं आलं. पाण्यात किंवा काठाला मूल असेल तर एका मोठ्या माणसाने फक्त बसायचं. हातात ताट नाही, फोन नाही. अर्ध्या तासाने नाव घेऊन पाळी द्यायची आणि 'हो' ऐकूनच उठायचं. सभेत मोगऱ्यावाले शेजारी म्हणाले, "म्हणजे काही न करायचं काम? मला कायमचं द्या." पहिल्या रविवारी त्यांनाच बसवलं. विसाव्या मिनिटाला ते घामाघूम होऊन विचारत होते, "अहो, कुणी 'हो' म्हणतंय का?"

पुढे मावशींचे गुडघे गेले आणि पाटी बंद झाली. गेल्या पावसाळ्यात त्याही गेल्या. त्याआधी एकदा मी आणि बायको नातीला घेऊन त्यांना भेटायला गेलो होतो. नात तेव्हा चार वर्षांची. घराबाहेर खाटेवर मावशी बसल्या होत्या, पाय लांब करून. मी समोर बसलो. माझ्या पाठीमागे किनाऱ्यावर ओढलेल्या होड्या होत्या आणि त्यांच्या सावलीत नात शिंपले वेचत होती. आम्ही गुडघ्यांबद्दल बोललो, मासळी कमी झाल्याबद्दल बोललो, मुलगा बोटीवर जात नाही म्हणून त्या कुरकुरल्या, बायकोच्या कालवणाची टर उडवून हसल्याही.

चाळीस मिनिटं आम्ही बोललो. त्या चाळीस मिनिटांत मावशींनी माझ्या तोंडाकडे एकदाही पाहिलं नाही. त्या माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत होत्या.