एल्फ लोक कानानं रांधतात

तीन वर्षांपूर्वीपर्यंत औशात एखादं लग्न ठरलं की तारखेआधी लोक गुलाम रसूल बावर्ची मोकळे आहेत का ते विचारायचे. मी मटणाला शिवत नाही, तरी त्यांचा खड्या मसाल्याच्या फोडणीचा बगारा भात दोनदा मागून घ्यायचे. त्यांच्या घराण्याचा एक कायदा होता: बावर्चीनं देगेतलं, त्या मोठ्या हंड्यातलं, चाखायचं नाही. चाखून मीठ घालणं हे शिकाऊ माणसाचं काम. गुलाम रसूल चाचा देगेचं झाकण उचलायचे, वाफेत तोंड घालायचे आणि मीठ किती कमी ते सांगायचे. मला त्यात थोडा तोरा वाटायचा, पण अंदाज चुकलेला मी कधी पाहिला नाही.

मग एकाएकी त्यांनी काम सोडलं. गुडघे गेले म्हणाले. गुडघे गेलेला हा माणूस रोज सकाळी किल्ल्यापर्यंत चालत जाऊन यायचा. मी हे त्यांच्या थोरल्या मुलीला, सुमय्याला, बोलून दाखवलं तर ती आठवडाभर माझ्याशी नीट बोलली नाही. आम्ही दोघी एकाच शाळेत शिकवतो.

सुमय्या पाचवीच्या वर्गाला दर शनिवारी स्वतः रचलेली गोष्ट सांगते. मुलांनी मोबाईलच्या खेळात पाहिलेले एल्फ, म्हणजे जंगलात राहणारे लांब कानांचे लोक, तिनं गोष्टीत घेतले होते. एका मुलीनं विचारलं, ते खातात काय? सुमय्यानं मध आणि फळं सांगितली. वर्ग खवळला. एवढ्यावर लढाई कशी करतात म्हणे. हा प्रश्न तिनं घरी नेला, आणि त्या संध्याकाळी मी तिथं चहाला होते.

"कान किती लांब म्हणलीस?" चाचांनी विचारलं. तिनं हातानं दाखवलं.

"मग ते कानानं रांधत असतील."

तीन वर्षं चुलीचं नाव न काढलेला माणूस तासभर बोलत होता. एल्फांच्या स्वयंपाकघरात कुणी बोलत नाही. तेलात पडलेला कांदा आधी ओरडतो, पाणी सरलं की आवाज बारीक होतो, आणि तो गप्प व्हायच्या आत उतरवायचा. डाळ शिजली की तिचा आवाज जड होतो. पाहुण्यानं जेवायच्या आधी भांड्याला कान लावायचा, नाहीतर यजमानाचा अपमान. नव्या सुनेला सासू डोळे बांधून सात भांडी ऐकायला लावते. आम्ही हसत होतो, सुमय्या भराभरा लिहून घेत होती.

"आन् मीठ, अब्बा?" तिनं विचारलं. "मिठाला कुठं आवाज असतो?"

चाचांनी कप खाली ठेवला. "तेच तर कळंना झालंय, बेटा."

मग त्यांनी सांगितलं: काम सोडलं त्या वर्षीच्या तापात वास गेला, चव गेली, आणि दोन्ही परत आलं नाही. मुरुडच्या एका लग्नात त्यांनी दालच्यात, बगाऱ्यासोबतच्या डाळीच्या रश्श्यात, दोनदा मीठ घातलं. लोक काही न बोलता जेवून उठले. ते न बोलणं त्यांना सोसलं नाही. तीन वर्षं ते बायकोच्या, शहजादीचाचींच्या, प्रत्येक भाजीला वा म्हणत होते आणि चाचींना पत्ता नव्हता. गुडघ्यांवरून केलेली चेष्टा आठवून मला माझीच लाज वाटली.

तरी सवयीप्रमाणे मी बोललेच, "चाखायला कुणाला तरी जवळ ठेवा की."

"दुसऱ्याच्या जिभेनं रांधू होय, बाई?" ते म्हणाले.

महिन्यावर धाकट्या मुलीचा, नाझनीनचा, निकाह होता. तिला अब्बांच्या हातचंच जेवण हवं होतं. एकदा रडून पाहिलं, मग लातूरच्या केटररला तीही हो म्हणाली.

सुमय्यानं वाद घातला नाही. पुढच्या शनिवारची गोष्ट तिनं आधी घरी वाचली. एल्फांच्या मुलखात रांधणारा स्वतः मीठ घालत नाही. तो घरातल्या एकाला हाक मारतो, पळी पुढं करतो आणि विचारतो. ज्याला विचारलं त्याचा तो मोठा मान. ज्याला विचारायला कुणी नाही, त्यानंच आपलं आपण मीठ घालावं.

"खोटं लिहितीस," चाचा म्हणाले.

"गोष्टच हाय, अब्बा."

चार दिवसांनी चाचांनी स्वतः केटररला फोन लावून नको म्हणून सांगितलं.

निकाहच्या सकाळी त्यांनी आधी मांडवातलं गाणं बंद करायला लावलं. पाहुणे कुरकुरले. मागच्या अंगणात चाचा देगेकडं कान लावून उभे, आणि मी कुणी न सांगता लसूण सोलत बसलेली. बगारा उतरला, मोकळा आणि सुरेख. मग दालच्याचं झाकण उघडलं. जुन्या सवयीनं चाचांनी वाफेत तोंड घातलं आणि बराच वेळ तसेच राहिले. भाऊबंद बघत होते.

त्यांनी पळी भरली. मला वाटलं सुमय्याला हाक मारतील.

"नाझनीन, हिकडं ये."

मेंदीच्या हातांनी ओढणी सावरत नवरी आली. चाचांनी फुंकर मारून पळी तिच्या ओठांना लावली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "मीठ सांग."

तिनं डोळे मिटून चव घेतली. "कमी हाय, अब्बा."

"किती?"

"एक मूठ. तुमची न्हाई, माझी."

चाचांनी मिठाचा डबा तिच्यापुढं धरला.