उत्तरासाठी सोडलेली जागा

मुलीच्या खोलीतून माझ्या आईचा आवाज आला, तेव्हा मी कुवेतमधल्या, हवल्लीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये कोलंबी सोलत होते. आई जाऊन तोवर काही वर्षं झाली होती. "आयकतंस ना गो?" असं ती म्हणाली, मागे दार आपटल्यासारखा एक ठेका सुरू झाला, आणि लगेच कुणी पुरुष परक्या भाषेत भराभर बोलायला लागला. माझी आई कुडाळच्या पलीकडे फारशी कधी गेली नव्हती. हा बाप्या कोण आणि तिच्याशी एवढं काय बोलतोय, मला काही कळेना. कोलंबीच्या हातांनीच मी खोलीत गेले.

आधी कॅसेटचं सांगते. आखाती युद्ध संपल्यावर आम्ही कुवेतला आलो तेव्हा गावी घरात फोन नव्हता, आणि आईला लिहिता येत नव्हतं. मग भाऊ टेपरेकॉर्डर लावून द्यायचा, आई बोलायची, आणि सुट्टी संपवून परतणाऱ्या कुणाच्या तरी हाती ती कॅसेट इथे यायची. इथल्या फहाहील भागात राहणारे गावचे वेल्डर, फिटर यांच्या बॅगांत आंबोशी, कोकमं आणि घराघरांतल्या बायकांचे आवाज असत. आमच्या आईची तऱ्हा मात्र निराळी होती. ती प्रश्न विचारायची आणि थांबायची. "जेवलंस?" म्हणायची आणि गप्प बसायची. भावाने तिला सांगून पाहिलं की अगं, हा फोन नव्हे, समोर कोणी नाही. तर आई म्हणाली, "माका ठावक आसा. पण ता आयकताला तेव्हा उत्तर दितालाच मां? मगे त्येका जागा नको?"

आणि तिचं खरं होतं. मी उत्तर द्यायचे. जाब्रियाच्या दवाखान्यातली लॅबची ड्युटी संपवून घरी यायचं, कॅसेट लावायची आणि भाकरी थापता थापता आईशी बोलायचं. आई अंदाजाने थांबायची, पण अंदाज असा पक्का की माझं वाक्य संपता संपता ती पुढे बोलू लागे. नवरा म्हणायचा, दोघीही सारख्याच वेड्या.

आई गेली तेव्हा इकाम्याच्या, म्हणजे इथे राहण्याच्या परवान्याच्या, नूतनीकरणासाठी माझा पासपोर्ट सरकारी कार्यालयात अडकला होता. हातात पडला आणि मी धावले, ती तेराव्याला पोचले. त्यानंतर मी कॅसेट लावल्याच नाहीत. इथल्या उन्हाळ्यात टेप चिकटायला लागली, म्हणून मीच मुलीला म्हटलं की बाई, तू त्या कंप्यूटरवर एवढं काय काय करतेस, आजीला तेवढी त्यात घालून ठेव.

तिने घातली. आणि घातली ती थेट जपानला पाठवली.

मुलगी तेव्हा बारावीत होती. इथेच वाढलेली, मी मराठीत विचारायचं आणि तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं, हा आमच्या घरचा रिवाज. दार लावून ती काहीतरी ठोकत असते एवढंच मला माहीत होतं. त्या दिवशी तिने मला समजावलं. इंटरनेटवर अशा ठोकणाऱ्यांचा एक कट्टा होता. एक फ्रान्सचा, एक अमेरिकेचा, आणि एक जपानचा, जो दिवसा गोदामात खोकी उचलायचा आणि उरलेल्या वेळात आपल्या एवढ्याशा खोलीत गाणी करायचा. त्याच्या गाण्यांना तिथल्या रेडिओवर कुणी विचारत नव्हतं. पण तळघरातल्या क्लबांत डीजे ती वाजवायचे, आणि थोड्याशा रेकॉर्डी काढल्या की त्या फ्रान्सपासून कुठे कुठे जायच्या. एकाने ठेका पाठवायचा, दुसऱ्याने त्यावर पियानोचा तुकडा लावायचा, तिसऱ्याने त्यावर बोलायचं. सगळे न भेटताच एकमेकांचे मित्र.

"म्हणजे हे गाणं आहे?" मी विचारलं.

"आई, इट्स नॉट अ साँग, इट्स अ बीट."

"मग गाणं कुठेय?"

गाढवाला गुळाची चव काय, असा चेहरा करून तिने पुन्हा सुरुवातीपासून सांगितलं. हे लोक जुन्या रेकॉर्डी धुंडाळतात, त्यातला दोन-चार सेकंदांचा तुकडा कापून घेतात, तोच फिरवत ठेवतात. आणि तुकडा कुठून घेतला हे दुसऱ्या डीजेला कळू नये म्हणून काहीजण रेकॉर्डवरचा नावाचा कागदच पाण्यात भिजवून काढून टाकतात. चोरी ती चोरी, वर शिरजोरी! मी म्हटलं, हे असले उद्योग करणाऱ्याच्या हातात तू माझी आई दिलीस?

पण तिने पुढे जे ऐकवलं त्याने मी गोंधळलेच. मला वाटलं होतं की त्याने आईचं बोलणं घेतलं असेल. त्याला तर शब्द कळत नव्हते. तिची चार-दोन वाक्यं मधे ठेवून त्याने घेतलं होतं ते आईचं गप्प बसणं. तिने माझ्यासाठी सोडलेल्या जागा. त्यात आमच्या अंगणातला कावळा होता, शेजारच्या वाडीतला पाण्याचा पंप होता, कुणीतरी नारळ सोलत होतं. दार आपटल्यासारखं मला जे वाटलं होतं ते नारळ सोलणंच होतं. पंपाची धकधक त्याने खालून लावली होती. एवढी वर्षं मी त्या जागांत स्वतःच बडबडत होते, त्यामुळे त्यात कावळा आहे हेदेखील मला ठाऊक नव्हतं. आता तो ओरडला आणि मला अंगण दिसलं, आणि मी तिथेच पलंगावर बसले. छान वाटलं की वाईट, आजही सांगता येणार नाही.

मग आई म्हणाली, "आयकतंस ना गो?" आणि तो बाप्या पुन्हा सुरू झाला. हा जपान्याचा मित्र, रॅप करणारा. माझं डोकंच फिरलं. आई मला विचारतेय आणि उत्तर हा देतोय! कोण कुठला, काय म्हणतोय कुणाला ठाऊक, आणि ऐटीत म्हणतोय.

"त्याला सांग," मी म्हटलं, "माझी आई परत पाठव."

मुलीने काय लिहिलं देव जाणे, पण उत्तर आलं. मोडक्या इंग्रजीत. रेकॉर्डवरच्या लोकांना आपण कधी विचारत नाही, असं त्याने सरळ कबूल केलं होतं. पण ही कुणाची तरी आई आहे, म्हणून विचारतो. याची रेकॉर्ड काढायची आहे. नाही म्हणालात तर सगळं पुसून टाकीन.

त्याने भांडायला हवं होतं, म्हणजे मला सोपं गेलं असतं. सगळं माझ्यावर सोडल्यावर मी मोठ्या पेचात पडले. नाही म्हणावं, तर आई पुन्हा कंप्यूटरच्या कुठल्याशा कोपऱ्यात निपचित पडणार. हो म्हणावं, तर तळघरात नाचणाऱ्या परक्या पोरांपुढे ती "जेवलंस?" विचारत उभी राहणार. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, पैसे देतोय का? त्याच्याशी बोलण्यात अर्थच नव्हता. मी मुलीला म्हटलं, आधी त्या बडबड्याला काढायला सांग, मग बघू.

त्याने काढलं. आणि मुलीला विचारलं, या जागा आता रिकाम्या आहेत, तुझी आई उत्तर देईल का?

मुलीने मला हे सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदाच जरा घाबरलेली दिसली. मी हो कसं म्हटलं मला माहीत नाही. तिने बाजारातून एक छोटा माइक आणला. शुक्रवारी दुपारी नवरा झोपल्यावर आम्ही तिच्या खोलीत बसलो. एसीचा आवाज येतो म्हणून तिने तो बंद केला. ऐन जुलै होता. दोघींच्या अंगाला घामाच्या धारा. तिने माझ्या कानांवर हेडफोन चढवले आणि बटण दाबलं.

कावळा. पंप. "आयकतंस ना गो?"

"हां," मी म्हटलं.

"जेवलंस?"

"जेवलंय."

"कदी येतलंस?"

याचं उत्तर मी कितीदा तरी दिलं होतं. मे महिन्यात येतंय, म्हणायचे. तोंड उघडलं तर ते शब्द येईनात. नारळ सोलणारा सोलत होता. आणि मग मी ओरडलेच, माइक आहे, मुलगी बसलीय, कशाचं भान न ठेवता. "आता येवन काय करू गो? तू खंय आसस?"

मुलीने दचकून बंद करायला हात पुढे केला. मी तो धरला. कारण जागा संपत आली होती, आणि पुढे काय आहे ते मला पाठ होतं.

"बरां," आई म्हणाली. "सवडीन ये. घाय करू नको."

मी हेडफोन काढले आणि रडले. आई गेल्यावर अशी रडलेच नव्हते. मुलगी माझी पाठ चोळत राहिली. तिने विचारलं, "व्हॉट डिड आजी से?" मी तिला शब्दन् शब्द सांगितला. मग ती म्हणाली, हे पुसून पुन्हा करू या का.

"नको," मी म्हटलं. "आहे तसं पाठव."