उरलेल्या फळ्यांचा बाक

बाळांनो, व्हिडिओ कॉलवर आपल्या पश्चिमेच्या भिंतीवर ज्या तपकिरी फळ्या दिसतात, त्या तुमच्या बाबांनी तिकडून मागवल्या. ते लाकूड भट्टीत वाफेवर खूप तापवलेलं असतं. मग ते सोलापूरच्या उन्हात सहसा वाकत नाही, पावसात फुगत नाही.

फळ्या आपल्या नेहमीच्या सुतारमिस्त्रींनी बसवल्या. माहितीपुस्तिका इंग्रजीत होती. मी, तुमची आजी, शेजारी खुर्ची टाकून बसायची आणि मराठी करून सांगायची: स्क्रू पिळण्याआधी भोक पाडा, फळीमागे हवेला जागा सोडा. मी सांगितलेलं त्यांनी तंतोतंत केलं.

चार फळ्या उरल्या. आजोबांना अंगणात बसायला त्यांचा बाक करा, असं मी म्हटलं. मिस्त्रींनी एक पट्टी हातात घेऊन सहज मोडून दाखवली.

"बाई, हे भाजलेलं लाकूड हाय. भितीला ठीक. बसायला सागवान घिऊ की."

"पुस्तकात मजबूत म्हटलंय," मी म्हणाले.

त्यांनी मोजपट्टी उचलली. पुस्तकाशी वाद कसा घालणार? खरं म्हणजे मी तसं काही वाचलंच नव्हतं. शेवटची पानं उघडलीसुद्धा नव्हती. चांगल्या फळ्या वाया जाऊ नयेत, एवढंच डोक्यात होतं.

तीन आठवड्यांनी बाक मधोमध मोडला आणि आजोबांचं मनगट प्लास्टरमध्ये गेलं. त्या दुपारी मी पुस्तिका ठेवलेली फाइल काढली. शेवटून दुसऱ्या पानावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं की, वजन पेलण्यासाठी हे लाकूड वापरू नये. मी पुस्तिका पुन्हा जागेवर लावून ठेवली.

मिस्त्री भेटायला आले. आजोबांच्या पायाशी बसून म्हणाले, "माजंच चुकलं. खालून आजून दोन आडव्या पट्ट्या मारायला पायजे हुत्या."

मी चहा करायला आत गेले.

बाबांनी फोनवर विचारलं, मिस्त्रींना एवढंही कळत नाही का? मी म्हणाले, वय झालंय आता त्यांचं. आपल्या वरच्या मजल्याचं त्यांना द्यायचं ठरलेलं काम दुसऱ्याला गेलं. मग कॉलनीतल्या दोन घरांनीही त्यांना बोलावणं सोडलं. तिथे कुणी काय सांगितलं, हे मी विचारलेलं नाही.

बाबांना हे फोनवर सांगायला दोनदा सुरुवात केली आणि हवापाण्याचं बोलून फोन ठेवून दिला. म्हणून तुम्हाला लिहिते आहे. हे पत्र त्यांना मोठ्याने वाचून दाखवा. पुस्तिकेचं ते पान सोबत जोडलं आहे. मिस्त्रींच्या घरी मात्र उद्या सकाळी मीच जाणार आहे. आणि नंतर त्या दोन घरी.