मामाने पाठवलेलं कार्ड

रायपूरच्या आम्हा मराठी घरांत एक समजूत पक्की होती, की चांगली वस्तू नागपूरहूनच येते. चष्मा नागपूरचा, लग्नाची साडी नागपूरची, जमलं तर जावईही नागपूरचा. रायपूर राजधानी झालं, रस्ते रुंद झाले, लाल दिव्याच्या गाड्या फिरायला लागल्या, तरी ही समजूत हलली नाही. म्हणून लिनक्सवर चालणारं वायरलेस कार्ड घ्यायची वेळ आली तेव्हा मीही नागपूरच्या मामालाच सांगितलं. एरवी मी स्वतःला शहाणी समजते.

कार्ड हवं होतं ते बाबांसाठी. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात हमालांवर ओरडण्यात त्यांची सारी नोकरी सरली, आणि निवृत्तीनंतर घशाच्या ऑपरेशनमध्ये आवाज कायमचा गेला. त्याआधी दर रविवारी सकाळी मामाचा फोन यायचा आणि मेहुणे-भाऊजी भांडायचे. मामाने पाठवलेली संत्री आंबट, चिवडा मऊ, त्याने सुचवलेली गाडी लेट. मामाच्या कुठल्याही वस्तूला बाबांनी आयुष्यात चांगलं म्हटलं नव्हतं, आणि ते ऐकल्याशिवाय मामाचा रविवार साजरा होत नसे. ऑपरेशननंतरही फोन येत राहिला. आई रिसीव्हर बाबांच्या कानाला लावायची. मामा सवयीने म्हणून जायचा, "भाऊजी, काहून गप्प आहा?" आणि मग त्याचीच बोबडी वळायची. पुढे पुढे घंटी वाजली की बाबा उठून मागच्या खोलीत जायला लागले. मला ते बघवत नसे.

मामाच्या मुलाकडे कॉम्प्युटर होता, माझ्याकडे जुना लॅपटॉप. निदान लिहून तरी भांडा, म्हणून मी बाबांना टायपिंग शिकवलं. एका बोटाने, पण नेटकं करायचे. अडचण अशी की इंटरनेट यायचं टेलिफोनच्या तारेतून, आणि ती तार बैठकीत संपायची. पहिल्याच दिवशी बाबा तिथे बसले आणि ओळखीचे एक काका भेटायला आले. ते बाबांच्या पाठीमागे उभे राहिले आणि स्क्रीनवरचा शब्द न् शब्द मोठ्याने वाचायला लागले. वर "वा, वा, छान!" असं ओरडून सांगितलं. आवाज गेलेल्या माणसाशी लोक ओरडून का बोलतात, हे मला अजून कळलेलं नाही. बाबांनी लॅपटॉप मिटला. मागच्या खोलीत, दार लावून, असं त्यांनी हाताने सांगितलं. नाहीतर नकोच.

मागे वायर न्यायची तर भिंतीला भोक पाडावं लागणार, आणि घर भाड्याचं. राजधानी झाल्यापासून चौबे कॉलनीतल्या सगळ्या घरमालकांना अफसर भाडेकरूची स्वप्नं पडायची. आमचे मालक तर आम्हाला काढायला निमित्तच शोधत होते. तेव्हा वायरलेस: बैठकीत तारेला राउटर, आणि लॅपटॉपमध्ये त्याचे सिग्नल पकडणारं कार्ड.

लॅपटॉपवर लिनक्स ही फुकट मिळणारी सिस्टिम, हा माझा हट्ट. गावभर फिरणारी दुसऱ्या सिस्टिमची चोरीची सीडी मी लॅपटॉपला लावू देत नसे. पण लिनक्सवर त्या काळी कार्ड आणलं, सरकवलं, चाललं, असं होत नसे. बऱ्याच कंपन्या आपल्या चिपची माहिती देत नसत, त्यामुळे हौशी लोक ज्या चिपचं जमेल तिचा ड्रायव्हर, म्हणजे तिला चालवणारा प्रोग्रॅम, स्वतः लिहीत. मी इंटरनेटवर या मंडळींना विचारलं. कोणत्या कंपनीचं घेऊ? उत्तर आलं, कंपनी विचारू नका, आतली चिप विचारा. आडनाव ऐकलं की घराणं कळलं असं मानणारी माणसं आम्ही, आम्हाला हे पचायला जड. कार्ड एकाच कंपनीचं, नंबर तोच, डबाही तसाच, पण दुसऱ्या व्हर्जनमध्ये एक चिप आणि तिसऱ्यात भलतीच. दुसरं लिनक्सवर चालायचं, तिसरं नाही. फरक फक्त पाठीमागच्या बारीक स्टिकरवर.

मामाला मी फोनवर घोकून घोकून सांगितलं, "दुसरं व्हर्जन. जुनं. नवं नको." "अवं हो, समजलं मले," मामा म्हणाला.

पार्सल रायपूरला येणाऱ्या कोणाच्या तरी हाती आलं. खाली संत्री, वर चकचकीत डबा. उघडून पाठ बघितली तर तिसरं व्हर्जन. तेवढ्यात मामाचाच फोन.

"पोचलं काय? दुकानदार म्हणे, जुनं पडून आहे, घेऊन जा. मी म्हटलं, भाचीले जुना माल देऊ? मामा मेला काय तिचा? एकदम नवं घेतलं! भाऊजीले आवडलं काय?"

माझं डोकं भणभणलं. चांगलं झापायला तोंड उघडलं, तर बाबा दारात उभे. मामाचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. त्यांनी मला हात हलवून नाही म्हटलं. मी रागाने बघितलं, तर पुन्हा नाही.

"आवडलं," मी म्हटलं.

ते कार्ड चालवायचा मी खूप प्रयत्न केला. त्याचा दिवा काही लागला नाही, आणि दुसऱ्या सिस्टिमचा ड्रायव्हर उसना आणून बसवला तर लॅपटॉपच गोठला. परत पाठवायचं तर मामाला सांगणं आलं. नेकी केली त्याने आणि फास बसला आम्हाला. तोवर रविवारी घंटी वाजत होती आणि बाबा उठून जात होते.

शेवटी रायपूरची दुकानं पालथी घातली. जुनं व्हर्जन मागितलं की दुकानदारांना अपमान वाटे. "दीदी, अब राजधानी हैं हम. पुराना माल कौन रखता है?" एकाने मात्र इकडेतिकडे बघून वरच्या फळीवरून एक डबा काढला. त्यावर शहराबाहेरच्या सिलतऱ्याच्या कारखान्यांची काळी धूळ बसली होती. "ये तो उधर देहात में, अभनपुर भेजने वाला था," तो ओशाळून म्हणाला. "लेकिन खोलोगे तो लेना पड़ेगा." मी खोललं. पाठीवर दुसरं व्हर्जन. मी इतक्या घाईने पैसे काढले की त्यालाच शंका आली, आपण काही भलतंच विकलं की काय.

कार्ड सरकवलं आणि दिवा लागला. वेगळा ड्रायव्हर टाकावा लागला नाही, लॅपटॉपने काही विचारलं नाही.

रविवारी बाबा मागच्या खोलीत बसले. शेजारी फळीवर मामाचा चकचकीत डबा. मी जोडणी करून देत होते तोच स्क्रीनवर मामाची ओळ आली, "भाऊजी, मी पाठवलेलं कार्ड कसं आहे?"

बाबांनी डब्याकडे बघितलं, मग बोट चालवायला लागले. मी वाचलं, "साळेबुवा, एक नंबर. त्याच्यावरच तर बोलून राहिलो."

पलीकडून ओळ उमटली, "भाऊजी, तब्येत बरी आहे ना? काहून चांगलं म्हणून राहिले?"

बाबांचे खांदे हलायला लागले. ऑपरेशननंतर मी त्यांना हसताना पहिल्यांदा बघत होते. डोळे पुसून त्यांनी लिहिलं, "संत्री आंबट होती."

"आता बरं वाटलं," मामाने लिहिलं.

बाबांनी मला दाराकडे बोट दाखवलं. मी बाहेर आले, दार ओढून घेतलं आणि स्वयंपाकघरात जाऊन मनसोक्त रडले. मामाला आम्ही कार्डाचं कधीच सांगितलं नाही.