पाळण्यातली मधली जागा

मंडळी, लेकीनं काढून दिलेला सीझन पास घेऊन आज आम्ही दोघं म्हातारे अमरावतीजवळच्या पार्कात गेलो. थेट आकाशपाळण्यात बसलो, तर यांनी मधे एका माणसाची जागा सोडली!

मी चिडलेच. "इतके दूर कावून बसले? आता कोन पाहून राह्यलं आपल्याले?"

साठच्या दशकात, नव्या लग्नात, परतवाड्याच्या जत्रेत पाळण्यात बसलो होतो. नवराबायकोनं चारचौघांत चिकटून बसू नये म्हणून सासूबाई मधे बसल्या. पाळणा वर गेला अन् घाबरून त्यांनीच आमचे हात घट्ट धरले.

सासूबाई जाऊन कैक वर्षं झाली, पण आज हे मधल्या जागेकडे पाहून हसले. "मायले वर भेव लागते ना."

मग मीही सरकले नाही. हात तेवढा मधल्या जागेवर ठेवला. यांनीही ठेवला.

तुमच्या पाळण्यात मधे कोण बसतं?