जालन्याच्या जिनिंगमधली हवा

जालन्याला गेल्तो ते कामापायी. लढाईमुळं इंजिनाचं तेल मिळंना, अन् तिथल्या एका जिनिंगवाल्याला इंजिनावर चालणाऱ्या हवेच्या पंपापायी तेल कुठं वाया जातंय ते शोधून पाहिजे होतं. माझा धंदाच तो. शिवाय माझी सख्खी आत्या त्याच जिनिंगमधी कापसातली सरकी काढायच्या कामाला, म्हणजे मुक्कामाचा खर्चा न्हाई.

तुम्ही जाणार असाल तर औरंगाबादहून सकाळची गाडी धरा. टांगेवाला चार आणे हाली, म्हंजे निजामाच्या नाण्यात, मागतो, दोनवर येतो. मोसंबी चाखल्याबिगर घेऊ नका. आत्यानं ज्वारीची गरम भाकरी अन् ठेचा वाढला. म्हणाली, "उद्या समद्या बायांला सांगते, माझा भाचा इंजिनेर झाला." मी फुगलो.

सकाळी यंत्रं थांबवून टाकीत हवा भरली. दाबाचा काटा झरझर उतरला. सांध्यांना साबणाचं पाणी लावलं. बुडबुडे आले तिथं वायसर बदलले. काटा ठरला. मंग दाराजवळची रबरी नळी दिसली.

"ही कशाला?"

मॅनेजर म्हणाले, "सुटताना बाया अंगावरची रुई उडवतात. लई वेळ चालू राहते."

"मंग तेल कसं पुरंल? हवा काय फुकट येते का?" मी जल्दी जल्दी नळी काढली अन् तोंड कायमचं बंद केलं. मॅनेजर खूश, मी त्यांच्याहून खूश.

संध्याकाळी बाजारात चहा पीत होतो. जिनिंग सुटली. बाया डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या, खोकत चाललेल्या. पानाच्या दुकानावरून कुणीतरी म्हणालं, "म्हाताऱ्यांची वरात निघाली." लोक हसले. त्यात आत्या होती. तिनं मला पाह्यलं अन् मान फिरवली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी म्हणलो, "आत्या, नळी मीच बंद केली."

"ठाव हाय. जेव."

सकाळी मॅनेजरकडं गेलो, सुटायच्या वेळेपुरती तरी नळी लावा म्हणलो. ते म्हणाले, "साहेब, तेल वाचतंय हे तुम्हीच दाखवलं की. आता बिलकुल न्हाई." त्यांचं बराबर होतं. माझीच अक्कल शेण खायला गेल्ती.

निघताना आत्यानं मोसंब्या बांधून दिल्या. हळूच म्हणाली, "तू माझा भाचा हायेस हे कुणाला सांगितलं न्हाई रे. बाया तुला शिव्या देऊन राह्यल्या."

घरी बायकोनं गाठोडं सोडलं. "आत्याबाईंनी सगळ्यांना सांगितलं असंल, भाचा आलाय म्हणून."

मोसंबी सोलता सोलता मी म्हणलो, "तर काय."