शेवटचा गडी मारायचा नाही

चांगुणामावशी रोकडे घरातून निघाली की आधी गळ्यात शिट्टी अडकवायची, मग पायात चप्पल घालायची. काळ्या दोरीतली पितळी शिट्टी, आवाज असा की कुत्री गल्ली बदलायची. अंबरनाथच्या आमच्या वस्तीत एक दिवसाआड पाणी, आणि नळ एकच. त्या नळावर भांडी आपटली गेली, झिंज्या ओढल्या गेल्या, एकदा कळशीने डोकंसुद्धा फुटलं. मग मावशीने शिट्टी आणली. शिट्टी वाजली, दोन हंडे भरले, पुढचा. नगरसेवकाच्या घरचं कोणी आलं तरी दोनच. तिसरा हंडा कोणी पुढे सरकवला की मावशी तो उचलायची आणि रांगेच्या शेपटाला नेऊन ठेवायची. तोंडातून शब्द काढायची नाही. त्या नळासाठी मी तीन मोर्चे काढले, साहेबांच्या टेबलावर हात आपटला, एक रात्र पोलीस चौकीत बसलो. पण रांग लागली ती शिट्टीने. हे लिहिताना मला फार गोड वाटत नाही, पण खरं ते खरं.

मावशी आनंदनगरला औषधाच्या एका कारखान्यात पॅकिंगला होती. पन्नाशीची, ठेंगणी, चालताना पुढचा माणूस आपोआप बाजूला होईल अशी. नवरा बबनराव फार बोलायचा नाही. त्याच्या वाटणीचंही तीच बोलायची. मुलगा धम्मदीप आयटीआय करून तिथेच दुसऱ्या कंपनीत कंत्राटावर लागलेला. ड्युटी सुटली की पोरगा घरी न येता उल्हासनगरला कॅम्प चार नंबरात हरेशसेठच्या सायबरमध्ये जायचा आणि तिथे संगणकावर बंदूक चालवायचा. पाच विरुद्ध पाच, तारेने जोडलेले दहा संगणक. ज्याची नेटवर खेळायची ऐपत आणि लाइन दोन्ही धड, तो नेटवरही खेळायचा. बाकी सगळं जग हरेशसेठच्या त्या एका खोलीत.

गोष्ट २००७ सालच्या भीमजयंतीची. मार्चमध्ये विहारात समितीची बैठक बसली. कामं वाटली जात होती. बायकांच्या वाट्याला दरवर्षीप्रमाणे रांगोळी आणि खीर. मावशी उभी राहिली.

"यंदा क्रीडा विभाग माझ्याकडे पाहिजे."

आण्णा आमचे अध्यक्ष, रिटायर्ड हेडक्लार्क. ते चष्मा पुसायला लागले की समजायचं, नकार टाइप होतोय.

"मावशी, क्रीडा म्हणजे कबड्डी, कॅरम. पंचाचं काम आहे. तिथे भांडणं होतात."

"मग नळावर काय मी आरामात बसून सुपारी कातरते?"

हशा पिकला. आण्णांना हशा आवडत नाही. त्यांनी चष्मा दोनदा पुसला. "ठीक आहे. पोरांनी यंदा ती कॉम्प्युटरवरची बंदुकीची स्पर्धा मागितलीय. उल्हासनगर, बदलापूरच्या टीम येणार. तिच्या पंच तुम्ही. निकालावरून दंगा न होता पार पडली, तर क्रीडा विभाग कायमचा तुमचा. दंगा झाला, तर परत कधी हा विषय काढायचा नाही." आणि थांबून पुढे म्हणाले, "आणखी एक. सकाळी पंचशील घ्यायचं आणि दुपारी त्याच आवारात माणसं मारल्याचे पॉइंट मोजायचे, हे मी होऊ देणार नाही. मारल्याचा पॉइंट मिळणार नाही. कसं बसवायचं ते तुम्ही बघा."

बंदुकीचा खेळ आणि मारल्याचा पॉइंट नाही. सापळा सगळ्यांना दिसला. माझं डोकं फिरलं, मी आण्णांना चार गोष्टी सुनवायला उठलो, तर मावशीने मागून शर्ट ओढला.

"बस खाली. मिळालंय ते परत कशाला देतोस?"

रविवारी ती चार नंबरात गेली, सोबत मी. सायबरच्या दारात शिट्टी गळ्यात घातलेली आई बघून धम्मदीपने सरळ मॉनिटर बंद केला.

"आई, घरी काय झालं?"

"काही नाही झालं. चालू कर. मला खेळ बघायचाय."

"आओ मौसी, एसी के नीचे बैठो," हरेशसेठने स्टूल पुसून दिलं. "देखो, गेम एक है, मोड तीन."

पहिला मोड लावला. नाव डेथमॅच. जो दिसेल त्याला उडवायचं. मेलेला तिथल्या तिथे जिवंत होतो आणि परत मारायला धावतो. मावशीने थोडा वेळ बघितलं.

"हे आपल्या नळासारखं आहे," ती म्हणाली. "शिट्टीच्या आधीचं."

दुसरा मोड बॉम्बचा. एक पार्टी बॉम्ब लावते, दुसरी तो निकामी करते. "हे विहारात लावलं तर आण्णा पहिले निकामी होतील. पुढचा."

तिसऱ्यात एका टोळीने चार माणसं इमारतीत डांबून ठेवलेली. पोलीस पार्टीने आत शिरायचं, त्या माणसांना मागे घेऊन बाहेर यायचं. मावशीने स्टूल पुढे ओढलं.

"ही माणसं अशी मागे मागे येतात?"

"बटण दाबलं की येतात," धम्मदीप म्हणाला. "पण लय डोकं खातात. दारात अडकतात, कोपऱ्यात राहतात. परत मागे जाऊन आणावं लागतं."

"मग जाता का?"

"कोण जातं, आई? टोळीचे पाचही उडवले की राउंड आपलाच. कॉम्प्युटर लगेच जिंकलो म्हणतो."

"आणि ती माणसं?"

"ती राहतात आत. राउंड संपला ना."

"तुमचा संपला," मावशी म्हणाली. मग वळून सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं बोलली, "नियम ऐका. जेवढी माणसं बाहेर, तेवढे पॉइंट. मारल्याचा शून्य. पाचही मारून राउंड जिंकलात तरी शून्य."

धम्मदीपच्या कपाळावर आठी पडली. "अगं, पण टोळीचा शेवटचा मेला की राउंड तिथेच थांबतो. मग आतल्याला बाहेर काढताच येत नाही."

"मग शेवटचा गडी मारायचा नाही."

मागून कोणीतरी म्हणालं, "दुश्मन को जिंदा रखने का?" हरेशसेठ पोट धरून हसला. "मौसी, ये तो आपने चौथा मोड बना दिया."

आण्णांना नियम इतका पसंत पडला की स्पर्धेच्या आधीचे चार दिवस त्यांनी तो स्वतः लाउडस्पीकरवर वाचला. सकाळ-संध्याकाळ. पाठ झाला पोराटोरांना.

हरेशसेठचे संगणक टेम्पोतून आले. विहाराच्या वाचनालयात मांडले, भारनियमनासाठी मंडपाचा जनरेटर जोडला. लग्नाच्या शूटिंगवाल्याकडून प्रोजेक्टर आणला आणि बाहेर मंडपात पडद्यावर खेळ दाखवला. मंडपातून कोणी ओरडून 'तो बघ तिकडे लपलाय' असं सांगू नये, म्हणून वाचनालयाचं दार बंद. आत मावशी, दाराला मी.

उल्हासनगरचे पोरगे सगळ्यात तेज नेमबाज. त्यांनी प्रत्येक राउंडला समोरची टोळी साफ केली आणि शून्यावर घरी गेले. हरेशसेठला रस्त्यात कोणी विचारलं, काय झालं, तर तो म्हणाला, "जीत गये, इसलिए बाहर हो गये."

फायनलला उरले आमचा धम्मदीप आणि बदलापूरच्या खरवई गावचा सनी. सनी शेतकऱ्याघरचा. शेत होतं तिथे आता चार माळ्यांची बिल्डिंग उभी होती. हात चपळ, तोंड त्याहून चपळ. आल्या आल्या धम्मदीपला म्हणाला, "भावा, आईला पंच केलंस? आता अपील कुठे करू, बापाकडे?"

"बाप बोलत नाही," धम्मदीप म्हणाला. "शिट्टीकडेच कर."

आधी सनीची पार्टी पोलीस झाली, मग बाजू बदलल्या. शेवटच्या राउंडला खरवई एका पॉइंटने पुढे. धम्मदीपला दोन माणसं बाहेर आणायची होती, की चषक वस्तीत. आत गोळ्या उडाल्या, दोन्हीकडचे चार-चार गेले. उरला धम्मदीप, आणि टोळीत उरला सनी. पडद्यावर मंडपाने बघितलं की धम्मदीपच्या मागे दोन माणसं निघालीत. एक दारात अडकलं. एरवी त्याने वळूनसुद्धा बघितलं नसतं. तो परत गेला, त्याला सोडवून आणलं. बायका टाळ्या पिटायला लागल्या. समोर बाहेरचा उजेड दिसायला लागला.

आणि सनी समोर आला. त्याच्या गोळ्या संपल्या होत्या. हातात नुसती सुरी. लपला नाही, वाकला नाही, मोकळ्या रस्त्यातून सरळ धावत आला, जत्रेत ओळखीचा दिसल्यावर धावतो तसा. धम्मदीपने बाजूने काढता पाय घ्यायला हवा होता. पण दोन वर्षं डेथमॅच खेळलेलं बोट. दाबलं गेलं.

सनी पडला. पडद्यावर आलं, पोलीस जिंकले. मंडपात ताशा सुरू झाला, पोरं नाचायला लागली. तेवढ्यात आतून शिट्टी वाजली. ताशावाल्याचा हात वरच राहिला.

मावशी दारात आली. "शून्य. खरवई जिंकली."

"आई, स्क्रीन बघ," धम्मदीप तिच्या मागोमाग आला, तोंड लालबुंद. "कॉम्प्युटरने लिहिलंय. जिंकलो आपण."

"कॉम्प्युटर समितीत नाही."

"तो मुद्दाम मरायला आला."

"आला. मार असं तुला कोण म्हणालं?"

"मी तर मिठी मारायला आलेलो," आतून सनीचा आवाज आला. "सुरी हातात राहून गेली."

झालं. पोरं खुर्च्या ढकलत पुढे आली. कोणी फसवणूक म्हणालं, कोणी खरवईवाल्यांना बाहेर काढा म्हणालं. मी बाह्या वर केल्या आणि दार अडवलं, कारण आत पाच पाहुणे बसले होते. रांगोळीवाली गोदूबाई मावशीला बाजूला घेऊन म्हणाली, "पोटचं पोर आहे गं. एक फेरी परत घे, कोण विचारतंय?"

"गोदू, तुझा तिसरा हंडा मी कुठे ठेवते?"

गोदूबाई पदर सावरत बायकांच्या घोळक्यात परत गेली.

"आण्णा, तुम्ही सांगा," पोरं म्हणाली. "अध्यक्ष तुम्ही."

आण्णांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला. सगळं त्या रुमालावर टांगलेलं होतं. फेरी परत, एवढे दोन शब्द, की मावशीच्या शिट्टीला उद्या नळावरही कोणी विचारलं नसतं. दंगा झाला म्हणून क्रीडा विभागही गेला असता. आण्णांना दोन्ही कळत होतं. मला काय करायचं तेही मी ठरवून ठेवलं होतं, ते इथे लिहीत नाही.

मावशीने स्टेजवरचा माइक उचलला, चालू आहे का ते फुंकून बघितलं आणि आण्णांच्या हातात दिला.

"नियम तुम्हीच वाचत होता चार दिवस. आता पण वाचा. नंतर काय सांगायचं ते सांगा."

आण्णांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. घसा साफ केला. चार दिवसांची सवय, आवाज आपोआप तसाच लागला. "जेवढी माणसं बाहेर, तेवढे पॉइंट. मारल्याचा शून्य. पाचही मारून..." पुढचं मंडपातल्या बारक्या पोरांनीच सुरात पूर्ण केलं. शून्य. हसू फुटलं, आणि हसणाऱ्या गर्दीला दंगा करता येत नाही. मग आण्णा माइकवर म्हणाले, "पंचांचा निर्णय कायम."

चषक घेताना सनी वाकायला लागला. मावशीने त्याला दंडाला धरून सरळ केलं. "पाया पडू नको. जयभीम घाल, हात मिळव." त्याने दोन्ही केलं.

धम्मदीप आठवडाभर आईशी बोलला नाही. घरात त्यामुळे दोन मुके झाले, असं मावशीच सांगायची. पुढच्या वर्षीच्या बैठकीत क्रीडा विभागाचा विषय निघालाच नाही, वहीत आधीच तिचं नाव लिहिलेलं होतं. बायका मावशीमागे क्रीडा विभागात गेल्या, रांगोळीला माणूस मिळेना, म्हणून ती आण्णांकडे दिली.

२००७ च्याच मे महिन्यात पत्रकं छापायला चार नंबरात गेलो होतो, तेव्हा सायबरमध्ये डोकावलो. हरेशसेठ म्हणाला, "अब सब लडके मौसीवाला मांगते हैं." आत धम्मदीप कानाला हेडफोन लावून गड्यांवर ओरडत होता, "शेवटचा नको मारू, ए, शेवटचा ठेव."

दुसऱ्या दिवशी पाण्याचा वार. नळावर मी मावशीला हे सांगितलं. तिची नजर रांगेवर होती.

"ते ठीक आहे," ती म्हणाली. "पण दारात अडकलेल्याला आणायला मागे जातात का?"

"जातात."

तिने शिट्टी तोंडाला लावली. पुढच्याचे हंडे सरकले.